माणूस समोर बसवूनच काढावा लागतो



माझ्या नातीला चित्रकला शिकायला मुंबईला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं आहे. ही बातमी फुटल्यापासून घरचा फोन थंड झालेला नाही. "अण्णा, तिथे म्हणे बाया उघड्या बसवतात आणि पोरं-पोरी समोर बसून चित्रं काढतात. तुम्ही शिक्षक असून पोरीला पाठवता?" निम्मे नातलग हा ब्लॉग वाचतात, तेव्हा एकेकाला समजावण्यापेक्षा इथेच लिहितो.

होय, बसवतात. ही संस्था १८५७ सालची. सुरुवातीला तिथे ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून सराव चाले. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख म्हणून आले आणि त्यांच्या कारकिर्दीत जिवंत, विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास करायचा वर्ग सुरू झाला. म्हणजे हे मोबाईल आल्यानंतरचं थेर नव्हे!

पुतळ्यावर का भागत नाही, ते आपल्या निफाडातच पाहा. द्राक्षाच्या बागेत बायका मांडवाखाली दिवसभर हात वर करून घड विरळ करतात. हात वर गेला की खांद्याचा फरा सरकतो, बरगड्या उचलल्या जातात. भार एका पायावर आला की त्या बाजूचं कमरेचं हाड वर चढतं आणि खांदा त्या बाजूला खाली झुकतो. पुतळा आयुष्यभर एकाच पायावर भार देऊन उभा असतो. जिवंत माणूस वीस मिनिटांत थकतो, आणि ते थकणंही कागदावर यावं लागतं. आत काय चाललंय हे ठाऊक नसेल तर वरच्या साडीची चुणीसुद्धा खोटी पडते.

आपल्या शाळांतून एलिमेंटरी, इंटरमिजिएटला 'स्मरणचित्र' असतं. आठवडे बाजार काढा, शेतात काम करणारी माणसं काढा. मी मराठीचा मास्तर, पण या परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून पुष्कळदा बसलोय. बाजार भरलेला, टोपल्या सुबक, आणि माणसं मात्र सगळी लाकडी बाहुल्या! त्यात पोरांचा काय दोष? ज्याला कधी निरखून पाहिलंच नाही, त्याचं स्मरण कुठून यायचं?

आता लाजेचं बोलू. याच घराण्यातली एक मुलगी डॉक्टर झाली तेव्हा पहिल्या वर्षी तिने प्रेताची चिरफाड केली. आपण पेढे वाटले. त्र्यंबकेश्वरला कुंभमेळ्यात नागा साधू निघाले की आपण सहकुटुंब हात जोडतो. मांगी-तुंगीला डोंगरात कोरलेल्या ऋषभदेवांच्या १०८ फुटी दिगंबर मूर्तीपुढेही नमस्कार करतो, करायलाच हवा. मग उघडेपणाची अडचण नाही, अडचण बाईच्या अंगाची आहे. तेवढं सरळ बोला की!

रवी जाधवांचा 'न्यूड' आठवतो? मुलाच्या शिक्षणासाठी कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसणाऱ्या आईची गोष्ट. २०१७ साली गोव्याच्या चित्रपट महोत्सवात परीक्षकांनी निवडलेला हा सिनेमा केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढला. पुढे २०१८ मध्ये तो रीतसर प्रदर्शित झाला, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. फोन करणाऱ्या एकानेही विचारलं नाही की त्या बाईला रोज किती मिळतो, मध्ये विसावा देतात का, पाय बधिर झाल्यावर उठायला हात कोण देतं. सगळ्यांना काळजी पाहणाऱ्यांची! तास न् तास न हलता बसणं ही अंगमेहनत आहे, बागेतल्या मजुरीइतकीच. माझ्या नातीला मी एवढंच बजावलंय, की वर्गात शिरल्यावर मास्तरांच्या आधी त्या बाईंना नमस्कार करायचा.

असो. फीचे पैसे माझ्या पेन्शनीतून जातील, तेव्हा त्यावर चर्चा नको. ज्यांना अजून बोलायचंय त्यांनी दुपारी चारनंतर फोन करावा. सकाळी मी ओसरीवर तिच्यासाठी मॉडेल म्हणून बसतो (धोतर-सदऱ्यात, घाबरू नका), आणि मान हलवायची परवानगी नसते.