कचेरीच्या दारातील पिस्तूल

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचा कारभार सुमारे १३,००० शाळा-जिल्ह्यांमार्फत चालतो. शाळा-जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे, तर शाळा चालविणारी स्थानिक संस्था. तिचे शिक्षण मंडळ बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडून दिलेले असते. या संस्थेची प्रशासकीय कचेरी बहुधा शाळेपासून अलग असते. तेथे मुले शिकत नाहीत. पण शिक्षकांच्या नेमणुका आणि बडतर्फी, बसचालकांचे वेतन, कोणती शाळा बंद करावयाची, हे सारे तेथेच ठरते. परवानाधारकाने अंगावर पिस्तूल लपवून अशा कचेरीत जावे काय, हा वाद वरवर कायद्याच्या कलमांचा वाटला, तरी त्याचे मूळ अधिक खोल आहे.

संघराज्याने १९९० साली शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या १,००० फुटांत बंदूक बाळगण्यास बंदी करणारा कायदा केला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लोपेझ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द ठरविला. पुढल्याच वर्षी काँग्रेसने दुरुस्ती करून तो पुन्हा आणला. परंतु या कायद्याच्या दृष्टीने शाळा म्हणजे जेथे शिक्षण दिले जाते ती जागा, आणि त्या राज्याच्या परवानाधारकाला तर बंदीतून सूटच आहे. साहजिकच कचेरीचा प्रश्न राज्यांवर येऊन पडतो. फ्लॉरिडाच्या कायद्याने शाळांच्या प्रशासकीय इमारती आणि शिक्षण मंडळाच्या बैठका ही दोन्ही ठिकाणे परवानाधारकालाही स्पष्ट शब्दांत वर्ज्य ठरविली आहेत. टेक्ससच्या कायद्यात शाळेची वास्तू आहे, रीतसर सूचना दिलेल्या खुल्या बैठकीचे दालन आहे; मात्र प्रशासकीय कचेरीचा वेगळा उल्लेख नाही. मग कचेरी ही ‘शाळा’ आहे की नाही, असा शब्दांचा कीस काढणे आले.

बंदी म्हणजे नागरिकाच्या हक्कावर घाला, हा आक्षेप टिकणारा नाही. शाळा आणि शासकीय इमारती यांसारख्या संवेदनशील जागी बंदी घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर निकालात मान्य केले. सार्वजनिक जागी शस्त्र बाळगण्याचा हक्क विस्तारणाऱ्या २०२२ च्या ब्रुएन निकालानेही ही मर्यादा मोडीत काढलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १४ डिसेंबर २०१० रोजी फ्लॉरिडातील पनामा सिटी येथे शिक्षण मंडळाच्या बैठकीत एका इसमाने पिस्तूल रोखले. पत्नीची नोकरी गेल्याचा राग त्याच्या मनात होता. बाहेर जाऊ दिलेली एक महिला सदस्य परत आली आणि तिने आपल्या हातातील पर्सने त्याच्या हातावर प्रहार केला. त्याने मंडळाच्या सदस्यांवर गोळ्या झाडल्या; सुदैवाने त्या कोणालाही लागल्या नाहीत. शाळा-जिल्ह्याच्या सुरक्षाप्रमुखाच्या गोळीने जखमी झाल्यावर त्याने स्वतःला संपविले. बंदीचा कायदा त्याला अडवू शकला नाही, हे खरेच. पण त्याला थोपविले ते प्रशिक्षित, कामावर असलेल्या आणि संस्थेला जबाबदार असलेल्या माणसाने. यातून शिकावयाचे ते हे की, नुसती पाटी लावून भागत नाही. दाराशी सार्वजनिक खर्चाने नेमलेली सुरक्षाव्यवस्था हवी. तिची जागा खिशात पिस्तूल बाळगणारा प्रत्येक अभ्यागत घेऊ शकतो, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

परवाना माणसाचा मागील इतिहास तपासतो. बडतर्फीचा हुकूम हाती पडल्यानंतरचा त्याचा संताप तपासत नाही. आता तर परवान्याचेही बंधन सैल झाले आहे. टेक्ससने २०२१ साली आणि फ्लॉरिडाने २०२३ साली परवान्याविना पिस्तूल बाळगण्यास मुभा दिली. त्यातच २०२१ साली मुखपट्टी आणि अभ्यासक्रम यांवरून मंडळांच्या बैठका इतक्या तापल्या की, सदस्यांना आणि कर्मचाऱ्यांना येणाऱ्या धमक्यांची दखल केंद्रीय न्याय खात्याला घ्यावी लागली.

खिडकीमागे बसणारी कारकून बाई, निवेदन घेऊन आलेली गरीब पालक आणि वेतनवाढ मागणारा बसचालक यांच्याजवळ शब्दांखेरीज दुसरे बळ नसते. समोरच्याच्या कोटाखाली काय आहे, या शंकेने शब्द अडखळू लागला, की ‘बळी तो कान पिळी’ हा जुनाच न्याय सुरू होतो. शस्त्र उघडे नसल्यामुळे धाक कमी होत नाही. तो सर्वत्र पसरतो.

म्हणून कचेरीला शाळा म्हणावे काय, हा प्रश्नच चुकीचा आहे. जेथे लोकांच्या पोराबाळांचे आणि लोकांच्या पोटापाण्याचे निर्णय चर्चेने व्हावयाचे, ती जागा निःशस्त्रच असली पाहिजे. राज्यांनी ती कायद्यात नाव घेऊन नोंदवावी आणि तिच्या रक्षणाची जबाबदारीही स्वतः उचलावी. लोकशाहीत सभेच्या दाराशी सर्वांनी सारखे होऊन यावयाचे असते. पिस्तूल ती समानता दारातच मोडते.