मुंगी आमची, तर झाडही आमचंच



संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2013 साली एक अहवाल काढला. जगात साधारण 200 कोटी लोक किडे खातात, खाण्याजोग्या किड्यांच्या 1900 हून जास्त जाती आहेत आणि बऱ्याच किड्यांत मांस-माशांच्या तोडीची प्रथिनं असतात, असं त्यात लिहिलंय. शिकलेले लोक आता म्हणतात, उद्याचं अन्न हेच.

आमचं तर ते कालचंही अन्न आहे आणि आजचंही. उन्हाळ्यात आंब्यावरची, जांभळीवरची पानांची घरटी काढायची. लाल मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी मीठ, मिरची, लसूण घालून पाट्यावर वाटायची. पलीकडे बस्तरात हिला चापडा म्हणतात. पहिला पाऊस पडला की पंख फुटलेली उधळी भाजून खायची. याच खाण्यावरून आमच्या लेकरांना शाळेत 'मुंग्या खाणारे' म्हणून चिडवतात. मग लेकरं सुट्टीत घरी आली तरी चटणीला हात लावत नाहीत.

कोणी म्हणेल, आता तर मोठ्या लोकांनी तुमच्या खाण्याला मान दिला, अजून काय पाहिजे? आम्ही म्हणतो, मानानं पोट भरत नाही. ही मुंगी जिवंत झाडाची हिरवी पानं जोडून घर बांधते. जंगल सरसकट तोडलं की झाडासंगं घरटंही गेलं. नवीन रोप मोठं व्हायला एक पिढी जाते. आणि तिथं खदान झाली तर तेही नाही. किड्यांची प्रथिनं मोजणारे खूप आहेत, पण ते झाड कोणाच्या ताब्यात आहे हे कोणी विचारत नाही.

वनहक्क कायदा 2006 काढून वाचा. गौण वनोपजाच्या व्याख्येत मध, मेण, लाख, टसर, कोष आहेत. हे सगळं किड्यांचंच काम आहे ना? पण ते बाजारात विकतं, म्हणून कागदावर आलं. जे आम्ही घरी खातो, ते आलं नाही. मग काय करायचं? कलम 3 (1) च्या शेवटाकडे 'इतर पारंपरिक हक्क' आहेत. त्यातून वन्यप्राण्यांची शिकार वगळली आहे, हे खरं. पण याच कायद्यात वन्यप्राणी म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतला प्राणी, असं स्पष्ट सांगितलंय. लाल मुंगी त्या अनुसूचीत नाही. म्हणून घरटं काढणाऱ्या बाईला कोणी 'शिकार करते' म्हणून दम दिला, तर त्याला अनुसूची दाखवायला सांगा.

अजून एक गोष्ट. या मुंग्यांचं नाव घेऊन उद्या कोणी म्हणू नये की यांना जंगलात प्रथिनं मिळतात, यांना रेशन कशाला, अंगणवाडीत अंडं कशाला. चटणी ही चटणी आहे, ती भाकरीसंगं खातात. रेशनही आमचा हक्क आणि जंगलही आमचा हक्क. एक देऊन दुसरा काढून घ्यायचा सौदा आम्हाला मान्य नाही.

म्हणून सामूहिक दावा भरताना मोह, तेंदू, बांबूवर थांबू नका. मुंगीची घरटी कोणत्या भागात, कोणत्या झाडांवर, कोणत्या महिन्यात काढतो, उधळी कोणत्या वारुळातून निघते, हे सगळं लिहा. नियम 13 प्रमाणे गावच्या वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं की तो पुरावा धरतात. हे सगळ्यात जास्त बायांना माहीत असतं, म्हणून त्यांना ग्रामसभेत मागं बसवू नका, त्यांनाच आधी बोलू द्या. आणि लेकरांनाही संगं बसवा. ज्या खाण्यावरून त्यांना हसतात, ते आपल्या दाव्याच्या कागदावर लिहिलं जातंय, हे त्यांना दिसू द्या.