मौनाचा पत्ता

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांविषयीं आपल्याकडे एक ठराविक वाक्य रूढ झालें आहे : तीं चित्रें म्हणजे मौन, मौनाला स्थळ नाहीं, काळ नाहीं, सबब रसिकानें इतिहासाची चौकशी करूं नये. हें मत आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

गायतोंडे १९२४ सालीं नागपुरास जन्मले, वाढले गिरगांवच्या चाळींत. १९४८ सालीं त्यांनीं जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. पुढें भुलाभाई देसाईंच्या नांवाच्या संस्थेंत त्यांस कामापुरती जागा मिळाली, आणि १९६४ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्तीनें न्यूयॉर्कहि घडलें. आपल्या चित्रांस ते 'अमूर्त' न म्हणतां 'वस्तुनिरपेक्ष' म्हणत. म्हणोत बापडे! पण रुळानें रंग चढवून सुरीनें तो पुन्हा उचलीत बसावयास एकान्त लागतो, आणि एकान्त मुंबईंत फुकट मिळत नाहीं.

ठाणें-डोंबिवलीच्या वाचकास हें पटावयास वेळ लागूं नये. ज्याला लोकलच्या डब्यांत कोपर हलवितां येत नाहीं आणि घरीं भिंतीपलीकडचें भांडण ऐकावें लागतें, त्यास तो रिकामा पिवळा विस्तार केवळ ध्यानधारणा म्हणून दाखविणें ही शुद्ध फसवणूक होय. रिकामी जागा ही काय चीज आहे, तें तो टीकाकाराहून अधिक जाणतो.

चित्रांत चाळ शोधा, असें आम्ही म्हणत नाहीं. ती सांपडणारहि नाहीं. ती वगळावीशी कां वाटली, एवढेंच विचारा. मौनवादी मंडळी निसर्गदत्त महाराजांचें नांव मोठ्या भक्तीनें घेतात. त्या महाराजांचें विडीचें दुकान होतें, आणि त्यांचा सत्संग खेतवाडींतील एका लहानशा माळ्यावर भरत असे.