जालन्याच्या ताटातला समुद्र

१/ केळना नदीच्या काठी वसलेले भोकरदन समुद्रापासून सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. तरीही इटलीतल्या पॉम्पेई नगरातल्या एका घराशी त्याचे नाव जोडले जाते. मग जालना जिल्ह्यातल्या हॉटेलमालकाला जहाजाची सजावट करताना टायटॅनिकच का आठवावे? हा धागा त्या प्रश्नाविषयी. यात इतिहास आहे आणि माझे मतही आहे.

२/ जहाजाच्या थीमची हॉटेले आता समुद्रकिनाऱ्यापुरती उरलेली नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या एका नदीकाठच्या लहान शहरात मी नुकतीच अशा ठिकाणी जेवले. दारात नांगर, भिंतीवर सुकाणूचे लाकडी चाक, गोल खिडक्या, दोरखंड, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घातलेले वाढपी आणि मुख्य भिंतीवर बुडण्याआधीचे टायटॅनिक.

३/ जेवण उत्तम होते, आणि अशा सजावटीला माझी मुळीच हरकत नाही. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या कुटुंबाला रविवारी संध्याकाळी दोन तास जहाजात बसावेसे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? माझा आक्षेप सजावटीमागच्या गृहीतकावर आहे.

४/ ते गृहीतक असे: समुद्र म्हणजे कोकण, मुंबई किंवा गोरे कप्तान. मराठवाडा म्हणजे चहूबाजूंनी जमिनीत कोंडलेला, कोरडा, जगापासून तुटलेला प्रदेश. म्हणून इथे समुद्र आणायचा तर तो उसना आणावा लागतो. पुरावे मात्र वेगळेच सांगतात.

५/ इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पॉम्पेई राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तिथल्या एका घराच्या उत्खननात जेमतेम वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना सेविका, घडण निःसंशय भारतीय. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता पुष्कळ अभ्यासक ती यक्षी असावी असे मानतात.

६/ ही मूर्ती घडली कुठे? आधी मथुरेकडे बोट दाखवले जात होते. पुढे शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले. त्याचा अहवाल १९७४ मध्ये आला. या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो अवशेष निघाला, त्याचे पॉम्पेईच्या मूर्तीशी लक्षणीय साम्य होते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही अशीच मूर्ती मिळाली आहे.

७/ या साम्यामुळे पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या परिसरात घडली असावी, असे मत म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी मांडले. हे अनुमान आहे, अंतिम निकाल नव्हे. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे आणि ती लिपी वायव्य भारतातली. त्यामुळे तिचा प्रवास सरळ रेषेत झाला नसेल. पण सातवाहनकालीन दख्खनचा दावा आज भक्कम मानला जातो.

८/ आता जेवणाशी असलेला संबंध. मूर्तीच्या डोक्यातून खाली जाणारे एक छिद्र आहे. काहींच्या मते ती आरशाची मूठ होती. काहींच्या मते लहानशा मेजाचा पाय. दुसरे मत खरे असेल तर एका रोमन घरातले मेज दख्खनी कारागिराच्या कामावर उभे होते. आमच्याकडच्या मेजाशेजारी मात्र आज इंग्रजी जहाज टांगलेले असते.

९/ भोकरदनचा माल समुद्रापर्यंत पोहोचायचा कसा? इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हे समुद्रमार्गाचे टिपण लिहिले. तो म्हणतो, बरीगाझापासून, म्हणजे आजच्या भरूचपासून, दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे तेर. बिकट वाटांवरून गाड्यांनी माल बंदरावर येई: पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड, तेरहून सुती कापड आणि मलमल.

१०/ भरूचहून निर्यात होणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे. आयातीच्या यादीत सर्वांत आधी येते मद्य, त्यातही इटलीच्या मद्याला पसंती. नेवासे आणि तेर इथे परदेशी कुंभांची खापरे सापडली आहेत. ती सगळीच रोमन मद्याची नाहीत. अशा खापरांपैकी काही इराणच्या आखाताकडची असल्याचे अलीकडच्या संशोधनातून दिसले आहे. म्हणजे आपला संबंध एकट्या रोमशी नव्हता, साऱ्या पश्चिम समुद्राशी होता.

११/ या व्यापाराचे नुसते गोडवे गाऊ नयेत. त्याच यादीत राजासाठी आणलेल्या वस्तूंमध्ये चांदीची भांडी आणि उंची मद्य यांच्या जोडीला गाणारी मुले आणि सुंदर मुलीही आहेत. माणसेही माल म्हणून जहाजातून उतरत होती. आपला सागरी वारसा सांगायचा तर हेही सांगावे लागेल. नाहीतर तीही एक सजावटच ठरेल.

१२/ त्या काळी भोकरदन हे आडगाव नव्हते. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आहे. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव होते. वाट वाहती होती, म्हणून गावाकडे दान देण्याइतका पैसा होता.

१३/ भिंतीवर जहाजच हवे असेल तर तेही जवळच आहे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. भोकरदनच्या उत्तरेला ५० किलोमीटरच्या आत अजिंठा आहे. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णाच्या कथेतले गलबत रंगवले आहे: तीन शिडे, वल्ह्यांचे सुकाणू आणि डेकवर ओळीने मांडलेले कुंभ. हे चित्र टायटॅनिकहून सुमारे १,४०० वर्षांनी जुने आहे.

१४/ आता भिंत सोडून ताटाकडे येऊ. त्या हॉटेलात 'समुद्राचे जेवण' म्हणून पापलेट आणि सुरमई होती, बर्फातून आलेली. शेजारच्या पानावर 'गावरान थाळी' होती: ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची भाजी. दोन पाने, जणू दोन वेगळी जगे. माझ्या मते त्या मेनूकार्डावरचे खरे समुद्राचे जेवण दुसऱ्या पानावर होते.

१५/ ज्वारी मूळची आफ्रिकेची. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या आसपास ती अरबी समुद्राच्या किनाऱ्याकिनाऱ्याने भारतात आली असे मानले जाते. जी भाकरी आपण मातीची खूण म्हणून मिरवतो, तिचे बी कधीतरी नावेतून आले आहे. त्याने ती परकी ठरत नाही. इतक्या पिढ्यांनी पेरल्यावर, खुडल्यावर, थापल्यावर ती आपलीच झाली.

१६/ मिरची, शेंगदाणा, बटाटा आणि टोमॅटो ही सारी अमेरिका खंडाची पिके. पोर्तुगीज सोळाव्या शतकात गोव्यात स्थिरावले, त्यानंतरच्या काळात ती एकेक करून आपल्याकडे रुजली. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या ठेच्यात मिरची असणे शक्यच नव्हते. शिवरायांच्या काळी बटाटेवडा नव्हता, हे सांगितले की आजही लोक रागावतात!

१७/ आणि मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे; ती जिल्ह्याची ओळख आहे. पण 'मोसंबी' हे नावच आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोझांबिकवरून आले असे मानले जाते. ज्या फळाचा रस आपण स्थानिक म्हणून पाहुण्यांपुढे ठेवतो, त्याच्या नावातच एक बंदर दडले आहे. अशा मेजाला आणखी नांगर कशाला हवा?

१८/ नदीही विसरू नये. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. नदीकाठच्या भोयांचे जाळे आणि त्यात सापडणारे मरळ, वाम हे आपले मासे. दोन नावा किंवा सुके भोपळे एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला 'सांगड' म्हणतात. 'सांगड घालणे' आपण रोज म्हणतो आणि ती पाण्यावरची वस्तू होती हे विसरतो. भाषेने जपले, ते मेनूकार्डाला जपता आले नाही.

१९/ यावर एक रास्त उत्तर आहे: हॉटेल म्हणजे संग्रहालय नव्हे. दमूनभागून आलेल्या माणसाला पोटभर जेवण हवे, व्याख्यान नको. मान्य. पण सजावट गप्प बसत नाही, तीही काही शिकवत असते. आठ वर्षांचे मूल त्या चाकाजवळ फोटो काढते, तेव्हा जहाज ही दुसऱ्यांची गोष्ट आहे, हा धडा त्याला कोणी न सांगता मिळतो.

२०/ या धड्याची किंमत आपण मोजत आहोत. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे 'पांढरी' म्हणतात. तिथली माती शेतात टाकायला चांगली म्हणून महाराष्ट्रात कितीतरी पांढऱ्या खणून नेल्या गेल्या. त्या मातीबरोबर खापरे, मणी, शंखाच्या बांगड्या जातात. आपल्या गावाला इतिहास नाही अशी ज्यांची खात्री झालेली असते, त्यांना ते टेकाड फुकटची माती वाटले तर दोष एकट्या त्यांना देता येणार नाही.

२१/ जालन्याजवळ जवाहरलाल नेहरू बंदराच्या ड्राय पोर्टचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. समुद्र नसलेल्या जिल्ह्यात बंदर, म्हणून तेव्हा विनोदही झाले. पेरिप्लसच्या लेखकाला त्यात नवल वाटले नसते. दख्खनच्या आतल्या बाजारपेठा आणि किनारा ही एकच साखळी आहे, हे त्याला ठाऊक होते. ते आपण विसरलो.

२२/ म्हणून माझे म्हणणे साधे आहे. नांगर राहू द्या, चाक राहू द्या. टायटॅनिकच्या शेजारी अजिंठ्याच्या गलबताचे एक चित्र लावा. मेनूकार्डाच्या मागच्या पानावर पाच ओळी छापा: भोगवर्धनची हस्तिदंती मूर्ती, आफ्रिकेची ज्वारी, मोझांबिकची मोसंबी. खर्च एका फ्लेक्सहून कमी. गावरान थाळी आणि समुद्र यांना एकाच पानावर येऊ द्या. सांगड घालणे याहून वेगळे काय असते?

२३/ भोकरदन, तेर, पैठण, नेवासे या परिसरात राहत असाल तर घरातल्या मुलांना ही गोष्ट जेवताना सांगा, हातात भाकरीचा तुकडा असतानाच. आपल्या भागात नदी, नाव, उतार किंवा घाट यांच्याशी जोडलेला एखादा शब्द वा खाद्यपदार्थ असेल तर खाली जरूर लिहा. मत वेगळे असेल तर तेही मांडा, चर्चा करू. धागा समाप्त.