मुलाचा व्हिसा आणि बापाचा सातबारा

पोरगा शिकायला इंग्लंडला निघाला की बाप आधी सातबारा काढतो. व्हिसा देणाऱ्याला सातबाऱ्याशी देणेघेणे नाही. दहा एकर बागायत असली तरी ती रोख रक्कम म्हणून धरत नाहीत.

नियम असा आहे. पहिल्या वर्षाची भरायची राहिलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च, एवढी रक्कम खात्यावर सलग २८ दिवस पाहिजे. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड, लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. मधे एक दिवस जरी शिल्लक घटली तरी अर्ज अडचणीत येतो. म्हणजे खतवाल्याची उधारी भागवायला चार दिवस पैसे उचलले, असे चालायचे नाही.

आपल्या एकत्र कुटुंबांना जाचक अट वेगळीच आहे. खाते मुलाचे किंवा आईबापाचे लागते. चुलत्याचे, आजोबांचे चालत नाही. उसाचे बिल थोरल्या भावाच्या नावावर जमा होत असेल, तर रक्कम आधी वळती करा. २८ दिवस तिथून मोजायचे. बापाचे खाते दाखवायचे तर मुलाचा जन्मदाखला जोडावा लागतो. दाखल्यावर ‘बाळू’, पासबुकावर ‘बाळासाहेब’ हे आपल्याकडे घरोघरी. ग्रामपंचायतीने अशी दुरुस्ती अडवून ठेवू नये.

बँकेचे शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावे असेल तर मंजुरीपत्र चालते, त्याला २८ दिवसांची अट नाही. सावकाराचे हातउसने तसे चालत नाही. रान विकायला काढण्याआधी बँकेत जाऊन या. घाईत विकलेल्या रानाला गिऱ्हाईक पाडूनच मागते.