खुर्ची कुणाची?

राजेंद्र दर्डांची कारकीर्द घ्या. वडील जवाहरलाल दर्डा यवतमाळचे स्वातंत्र्यसैनिक, राज्यात मंत्री; १९७१ ला नागपुरात 'लोकमत' दैनिक केलं ते त्यांनीच. थोरले बंधू विजय १८ वर्षं राज्यसभेत. १९८२ साली औरंगाबादची आवृत्ती निघाली, ती राजेंद्र दर्डांनी वाढवली. मग संपादक, आमदार, उद्योगमंत्री, शालेय शिक्षणमंत्री. २०१४ ला निवडणुकीत पडले. मंत्रिपद गेलं, पेपर राहिला.

माणूस कष्टाळू नाही असं मी म्हणत नाही. रात्री मशीन चालवून पहाटे गावोगाव गठ्ठे पोचवायचे म्हणजे खायचं काम नाय. माझं भांडण त्या खुर्चीशी आहे. जो मंत्री, तोच मालक. मग मंत्र्याला सवाल विचारणाऱ्या वार्ताहराचा पगार कोण काढणार?

पण मालक चांगला असला की झालं, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी या शहराचं १९७८ आठवावं. २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. दैनिक 'मराठवाडा' विरोधात उभा राहिला. अनंतराव भालेराव काही शेठजी नव्हते. निजामाशी लढलेला, सचोटीचा संपादक! तरी आमच्या नावाला विरोध. तिकडे वस्त्या जळत होत्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळेला मारलं. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, अन् तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. (शहराचं नाव २०२३ ला बदललं, तेव्हा कुणाचं झोपडं जळलं नाही.)

म्हणजे सवाल सचोटीचा नाय. अग्रलेख ठरतो त्या टेबलाशी आपला माणूस नव्हता, हा सवाल. आज तरी आहे का? २०१९ ला ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्रीने देशातल्या वृत्तमाध्यमांतल्या वरच्या १२१ जागा मोजल्या. १०६ सवर्णांकडे. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नाही. एकही!

बाबासाहेबांना हे १९२० लाच कळलं होतं. 'केसरी'ने पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. पुढे 'बहिष्कृत भारत'चे रकाने ते एकटेच भरत आणि वर्गणीसाठी वाचकांना विनवत. दोन्ही पत्रं बंद पडली ती लेखणी बोथट होती म्हणून नव्हे, पैसा नव्हता म्हणून.

आणि आपण? दर १४ एप्रिलला त्यांच्या पुरवण्यांत आपल्याच पोरांचे फोटो आपल्याच पैशाने छापून आणतो. मित्रांनो, येत्या जयंतीला एकही जाहिरात देऊ नका. तो पैसा गोळा करा. कागद घ्या, मशीन घ्या. हिशेब ठेवायला आपलीच पोरगी बसवा.