जमिनीखालची पाईपलाईन कागदावर यावी



ऊसनोंदीच्या वेळी शेतकी खात्याचा माणूस बांधावर येतो, गट नंबर विचारतो, लागणीची तारीख आणि उसाची जात लिहून घेतो, क्षेत्र मोजतो. हे सगळे जमिनीच्या वरचे झाले. त्याच गटाच्या पोटातून कुणाची पाईपलाईन गेली आहे, ती किती इंची, किती खोल, तिचा व्हॉल्व्ह कोणत्या बांधाला, हे लिहावयास नोंदवहीत रकानाच नाही. सातबाऱ्यावर बहुधा तिचा पत्ता नसतो, गावनकाशावर तर नसतोच. आणि आपला निम्मा-अधिक ऊस उभा आहे तो या न लिहिलेल्या पाईपांच्या जिवावर. या पाईपांची नोंद आता झालीच पाहिजे, आणि ती गट नंबर व जमिनीचे मोजमाप धरूनच झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात नदीचे पाणी माळाला चढले ते उपसा योजनांमुळे. १९७०-८० च्या दशकांत गावोगाव सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, काहींच्या पाठीशी कारखाने उभे राहिले. जॅकवेलपासून निघालेली मोठी लाईन दहा-वीस जणांच्या रानातून जाते, पुढे तिला फाटे फुटतात. संस्थेच्या लाईनीशेजारून कुणाची खाजगी लाईन जाते, तिसऱ्याच्या विहिरीची लाईन दोघींना आडवी जाते. सिमेंटचे पाईप आहेत, लोखंडी आहेत, नंतरचे पीव्हीसी आहेत. अलीकडे ठिबकच्या सबमेन आल्या, गावाच्या नळयोजनेच्या लाईनी आल्या, टेलिफोनवाल्यांच्या केबली आल्या. जमिनीखाली एवढी दाटी झाली, आणि तिचा हिशेब कोठे आहे म्हणाल, तर लाईन टाकताना चरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यात. ती माणसे आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत. काही गेलीही. "आमच्या आबांना ठाऊक होतं बघा, लिंबापासनं तिरकी गेलीया," असे मुलगा सांगतो. लिंब तर केव्हाच तोडला. पाणी दाखवणारा पाणाड्या नारळ घेऊन तरी येतो, पाईप दाखवणारा पाणाड्या अजून आमच्या पाहण्यात नाही.

लाईन फुटली म्हणजे नेमके काय जाते त्याचा हिशेब करून पाहा. आठ इंची पाईपातून सेकंदाला दीड मीटर वेगाने पाणी चालले असेल, तर तासाला सुमारे पावणेदोन लाख लिटर पाणी जाते. एक एकराला दोन इंच पाणी द्यावयास लागते दोन लाख लिटर. म्हणजे जेसीबीचा दात लागून लाईन तासभर वाहिली, तर जवळजवळ एका एकराची पाळी ओढ्याला गेली असे समजा. विजेचे बिल वेगळे, ज्याच्या रानात पाणी तुंबले त्याचे नुकसान वेगळे. हे बहुतकरून घडते एप्रिल-मे महिन्यात, कारण विहिरी पाडणे, रस्त्याचे काम, रान सपाट करणे ही कामे तेव्हाच निघतात. आणि खोडव्याला व आडसालीच्या खालच्या उसाला पाण्याचा ताण त्याच दिवसांत सोसत नाही.

खोलीचे तर आता वेगळेच गणित झाले आहे. दुसऱ्याच्या रानातून पाण्याची वाट कशी न्यावी हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ मध्ये सांगितले आहे. शेजारी राजी नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करावयाचा, त्यांनी दोघांचे म्हणणे ऐकून परवानगी द्यावयाची, वाट शक्यतो जवळची असावी, पिकाचे व जमिनीचे नुकसान कमीत कमी व्हावे, आणि जमिनीखालचा पाईप असेल तर तो पृष्ठभागापासून निदान अर्धा मीटर खोल असावा. कायदा झाला तेव्हा रानात बैलाचा नांगर होता, तेव्हा अर्धा मीटर पुष्कळ झाले. आज सबसॉयलर त्याच्याही खाली जातो. शिवाय कित्येक रानांतली वरची माती वीटभट्टीला गेली किंवा सपाटीकरणात एका कडेची दुसऱ्या कडेला गेली. टाकताना तीन फूट असलेला पाईप आज दीड फुटावर आलेला असतो आणि वरून नांगरणाऱ्याला त्याची खबर नसते. नवी लाईन टाकणाऱ्याने कायद्याच्या अर्ध्या मीटरवर समाधान मानू नये, तीन फूट तरी जावे.

पाण्यापेक्षाही वाईट भानगड भाऊबंदकीची. लाईन टाकताना दोन शेजाऱ्यांनी बांधावर बसून तंबाखू मळली, "टाका की, पाणीच हाय" असा शब्द दिला, काम झाले. पुढे एकाने जमीन विकली, दुसऱ्याच्या तीन मुलांत वाटणी झाली. नवा मालक म्हणतो, माझ्या सातबाऱ्याला असला काही बोजा नाही, मी विहीर येथेच पाडणार. लाईनवाला म्हणतो, चाळीस वर्षांची लाईन आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. कागद कुणाजवळच नाही. मग दुरुस्तीला पाय ठेवू देत नाहीत, ऊस वाळतो, आणि कोर्टातली तारीख काही उसासाठी थांबत नाही. आमच्याकडे ऊस कमी पडल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या काहींच्या मुळाशी खत नसते, बेणे नसते, असा एखादा व्हॉल्व्ह असतो.

येथे सभासदांच्या मनात एक भीती आहे, ती आम्ही जाणतो. शेजाऱ्याची लाईन आपल्या गटावर कागदावर दाखविली म्हणजे त्याचा हक्क लागला, पुढेमागे जमिनीवरच सांगेल, असे पुष्कळांना वाटते. ही भीती उलटी आहे. वहिवाटीच्या हक्काचा कायदा १८८२ चा आहे. त्याप्रमाणे उघड, निर्वेध आणि हक्क म्हणून वीस वर्षे वापर झाला, तर हक्क उभा राहू शकतो. नकाशावरच्या रेघेने तो उभा राहत नाही. उलट आपण लेखी परवानगी दिली असेल, तर वापर परवानगीचा ठरतो, हक्काचा ठरत नाही. म्हणजे कागद करण्यात ज्याच्या रानातून लाईन जाते त्याचेही रक्षण आहे. तोंडी शब्दावर दोघेही उघडे पडतात.

मोठ्या कंपन्या हे फार पूर्वी शिकल्या. तेल-वायूच्या पाईपांसाठी १९६२ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात जमीन मालकाचीच राहते, पाईपापुरता वापराचा हक्क तेवढा घेतला जातो, आणि तो गट नंबर व क्षेत्रासह राजपत्रात छापला जातो. त्या पट्ट्यात पीक घेता येते. बांधकाम, विहीर, तळे करता येत नाही, झाडे लावता येत नाहीत. मोबदला पुरेसा की अपुरा यावर वाद होतात, व्हावेतही. पण लाईन कोठून गेली यावर वाद होत नाही, कारण ती कागदावर आहे आणि रानात खुणेचे खांब आहेत. कंपनीच्या पाईपाला जे मिळते ते आपल्या घामाच्या पैशाच्या पाईपाला का मिळू नये?

आता हे करावयाचे कसे? पहिली अडचण अशी, की गटाचा नकाशा आणि रान यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. आपल्याकडची मोजणी जुनी. मुंबई इलाख्यातली जमीनमोजणी १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी सुरू केली. साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा, आणि तेहतीस फूट चौरसाचा एक गुंठा. त्या साखळीने काढलेली टिपणे आजही भूमी अभिलेख कार्यालयात निघतात, आणि आमच्या अनुभवाने पुष्कळदा नंतरच्या कागदापेक्षा खरी निघतात. पुढे एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, वाटण्या झाल्या, बांध सरकले. आज संगणकावर गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवला तर हद्द कोठे रस्त्यात जाते, कोठे शेजाऱ्याच्या घरात. म्हणून लाईन नुसती गटाच्या रेघेवरून काढू नये. ती हलणार नाही अशा दोन-तीन वस्तूंपासून टेप लावून मोजावी. विहिरीचा कठडा, ओढ्यावरचा पूल, हद्दीचा दगड चालेल. झाड आणि बांध चालणार नाही. त्यावर अक्षांश-रेखांश घ्यावेत. मोबाईलवर येणारे ठिकाण दोन-चार मीटर इकडेतिकडे असते, उंच उसात उभे राहून घेतले तर त्याहून जास्त. ऊस क्षेत्राच्या अंदाजाला ते चालते, जेसीबीला ते चालत नाही. भूमी अभिलेखवाले आता रोव्हरने मोजणी करतात, त्यात चूक इंचांत येते. सगळी लाईन रोव्हरने मोजण्याची ऐपत प्रत्येक संस्थेची नसेल, पण जॅकवेल, मुख्य वळणे, फाटे आणि व्हॉल्व्ह एवढे बिंदू तरी तसे घ्यावेत. नवी पीव्हीसी लाईन टाकताना तिच्यावर एक वेष्टनाची तांब्याची तार ठेवून द्यावी. प्लॅस्टिकचा पाईप यंत्राला सापडत नाही, तार सापडते.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. ज्या देशाच्या काळ्या-पांढऱ्या गाई आपल्या गोठ्यात आल्या, त्या हॉलंडात भूमी अभिलेख खाते १८३२ चे, म्हणजे आपल्या इंदापूरच्या मोजणीच्या चारच वर्षे अगोदरचे. तेथे २००८ च्या कायद्याने यंत्राने खोदणाऱ्याला अगोदर त्याच खात्याकडे वर्दी देणे सक्तीचे झाले. पाईप-केबल ज्याची त्याने आपले नकाशे ठेवावयाचे, वर्दी आली की पाठवावयाचे, आणि खात्याने ते एकत्र करून खोदणाऱ्याच्या हाती द्यावयाचे. आपल्याकडेही २२ मार्च २०२३ रोजी केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे मोबाईल ॲप काढले, हेतू हाच. पण आपली लाईन आपणच कोठे लिहिली नाही, तर दिल्लीच्या ॲपमध्ये ती कुणाला दिसणार?

निचऱ्याच्या पाईपांबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनी जमिनीखालच्या सच्छिद्र पाईपांनी पुन्हा पिकाखाली आल्या, हे आपण पाहिले आहे. पाणीपुरवठ्याची लाईन फुटली तर पाणी वर येऊन सांगते. निचऱ्याचा पाईप तुटला किंवा बुजला तर तो काही बोलत नाही. दोन-तीन वर्षांनी वरच्या शेतकऱ्याच्या रानात पांढरे फुटते, आणि तुटलेला असतो खालच्याच्या गटात. उतार धरून घातलेली ही जाळी पंचवीस-तीस गटांची मिळून एक असते. तिचा नकाशा ठेकेदाराबरोबर निघून गेला तर योजनेचा सगळा पैसा मातीत गेला असेच समजावे. नव्या निचरा योजनेत शेवटचे बिल अदा करण्यापूर्वी गटवार, खोली व उतारासह झालेल्या कामाचा नकाशा घेतलाच पाहिजे, या मताचे आम्ही आहोत.

कारखान्याजवळ गटवार ऊसनोंद आहे, प्रत्येक गट ऑफिसला माणसे आहेत, मोजणीचे यंत्र आहे. त्यात पाईपलाईनचा एक रकाना वाढवावा आणि ज्या पाणीपुरवठा संस्था तयार आहेत त्यांच्यापासून सुरुवात करावी, असा प्रस्ताव आम्ही संचालक मंडळापुढे ठेवीत आहोत. नकाशाची एक प्रत संस्थेकडे, एक गट ऑफिसला, आणि ज्याच्या रानातून लाईन जाते त्याच्या हातात एक. परवानगीचा लेख दोघांच्या सहीने व्हावा. तहसीलदारांचा आदेश झालेला असेल तेथे त्याची नोंद इतर हक्कात करून घ्यावी. तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण अर्ज द्यावयाचा तो तेथेच.

कामाला मुहूर्त तोडणीचा. ऊस तुटून गेला आणि पाचट दिसू लागले म्हणजे रान मोकळे असते, चालता येते, टेप लागतो. ज्यांच्या घरी लाईन टाकतानाची पावती, जुना करारनामा, नाहीतर वहीच्या पाठीमागे काढलेले एखादे कच्चे चित्र असेल, त्यांनी ते जपून ठेवावे आणि गट ऑफिसला दाखवावे. आणि घरातले जे वडीलधारे त्या वेळी चरीवर हजर होते, त्यांना यंदा तोडणी झाल्यावर एकदा रानातून फिरवून आणावे, बरोबर पाणी सोडणारा माणूस आणि चार खुंट्या घ्याव्यात. ते जेथे काठी टेकतील तेथे खुंटी ठोका. मोजावयास आमचा माणूस येईल.